इसबावर चिनी वनौषधी आणि आधुनिक औषधे एकत्र घेताना

इसब हा जुनाट आजार आहे. काही दिवस तो दबतो, त्वचा जवळजवळ पूर्ववत दिसू लागते, आणि मग थंडी पडली, द्राक्षांचा हंगाम सुरू झाला किंवा नुसता साबण बदलला तरी कोपराच्या घडीत, गुडघ्याच्या लवणीत, मनगटावर किंवा मानेवर पुन्हा खाज सुटते. अशा आजारात रुग्ण एकाच उपचारावर थांबत नाही आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येत नाही. मी सांगलीत औषधांचे दुकान चालवतो. मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी हातात, वैद्यांचा काढा पिशवीत आणि मोबाइलवरून मागवलेली चिनी मलमाची डबी खिशात, असे रुग्ण आता माझ्या ओळखीचे झाले आहेत.

दोन पद्धतींची औषधे एकत्र घेणे मुळात चूक नाही. चीनमधील मोठ्या रुग्णालयांत पारंपरिक आणि आधुनिक असे दोन्ही विभाग असतात आणि इसबाच्या रुग्णाला मलम व काढा एकाच वेळी देण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. मात्र तिथे दोन्ही औषधांची नोंद एकाच कागदावर होते आणि रक्ताची तपासणी त्याच इमारतीत होते. आपल्याकडे एका डॉक्टरांना दुसऱ्यांचा पत्ता नसतो, आणि बहुतेक वेळा धोका तिथेच असतो. म्हणून कोणते औषध कोणत्या कामासाठी घ्यायचे, ते कोणाला सांगायचे आणि कशावर लक्ष ठेवायचे, हे पुढे क्रमाने मांडले आहे. हे मार्गदर्शन डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. त्यांच्यासमोर बसताना आपल्याजवळ योग्य प्रश्न असावेत, एवढ्यासाठी आहे.

आधी निदान पक्के करावे

खाजणारा प्रत्येक चट्टा इसब नसतो. गजकर्ण म्हणजे बुरशीचा संसर्ग. त्याची कड उठावदार असते, मधला भाग निवळलेला दिसतो आणि तो जांघेत, कमरेभोवती गोलाकार पसरतो. खरूज असेल तर रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येते आणि घरातल्या आणखी कोणाला तरी तीच तक्रार असते. सोरायसिसमध्ये चंदेरी खवले सुटतात. या सगळ्यांचे उपचार वेगळे आहेत. गजकर्णावर इसबाचे स्टिरॉइड मलम लावले तर खाज लगेच थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप इतके बदलते की पुढे तज्ज्ञांनाही ते ओळखणे अवघड जाते. त्वचेचे चार खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी स्वस्त असते व काही मिनिटांत होते. शंका असेल तर ती करून घेण्याचा आग्रह धरावा.

निदान होईपर्यंत काहीही लावू नये असे मी सुचवतो, साधे खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली वगळता. विशेषतः स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन औषधे एकत्र असलेल्या ट्यूब आपल्या भागात घरोघरी पडून असतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही शेजाऱ्याची अर्धी ट्यूब मागून आणण्याची सवय गेलेली नाही.

बिब्ब्याबद्दल वेगळे सांगावे लागते. जुन्या इसबावर बिब्ब्याचे तेल लावण्याचा सल्ला अजूनही खेड्यांत दिला जातो. बिब्ब्याच्या रसाने त्वचा भाजते आणि तीव्र ॲलर्जी होते. फोड आलेला हात घेऊन आलेला रुग्ण मी पाहिला आहे. बिब्बा कोणत्याही अवस्थेतल्या इसबावर लावू नये.

दोन्ही पद्धती या आजाराकडे कसे पाहतात

आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने इसबात दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. त्वचेचे वरचे आवरण गळके असते, त्यामुळे आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे साबण, धूळ व जंतू आत शिरतात. शिवाय रोगप्रतिकारक यंत्रणा गरजेपेक्षा जास्त चिडलेली असते. २००६ मध्ये फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा या आजाराशी असलेला संबंध उघड झाला, तेव्हापासून आवरणाच्या दुरुस्तीला उपचारात पहिले स्थान मिळाले.

चिनी पद्धतीत इसबाचे वर्णन वारा, ओल आणि उष्णता या शब्दांत केले जाते. लाल, चिघळलेला, पाणी सुटणारा ताजा इसब हा ओल व उष्णतेचा मानला जातो आणि त्यावर कडू, थंड गुणाच्या वनस्पती देतात. कोरडा, जाड झालेला, वर्षानुवर्षांचा इसब हा रक्त क्षीण होऊन कोरडेपणा वाढल्याचा मानतात व तिथे औषधयोजना बदलते. वात-पित्त-कफाची भाषा घरात ऐकलेल्या आपल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल, पण चिनी उष्णता म्हणजे आपले पित्त असे मानून एका पद्धतीचे औषध दुसऱ्या पद्धतीच्या निदानावर घेऊ नये.

या काढ्यांचा खरोखर उपयोग होतो का, याची पाहणी झालेली आहे आणि तिचा निकाल सरळ नाही. लंडनमध्ये १९९२ साली दहा वनस्पतींच्या काढ्याची चाचणी ४० प्रौढ रुग्णांवर झाली. प्रत्येकाला आठ आठवडे खरा काढा आणि आठ आठवडे तशाच चवीचा पण निष्क्रिय काढा देण्यात आला. चाचणी पूर्ण करणाऱ्या ३१ जणांत खऱ्या काढ्याने स्पष्ट सुधारणा दिसली. हाँगकाँगमध्ये त्याच प्रकारची औषधयोजना चिनी रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसा फरक आढळला नाही. हाँगकाँगमध्येच पुढे पाच वनस्पतींच्या कॅप्सूलची चाचणी ८५ मुलांवर झाली (२००७). त्यात इसबाची तीव्रता निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा फारशी कमी झाली नाही, मात्र मुलांचे दैनंदिन जगणे सुधारले आणि स्टिरॉइड मलम कमी लागले. २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २८ अभ्यास एकत्र तपासले आणि ठाम निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही असे नोंदवले.

माझ्या मते यातून व्यवहारापुरती एक दिशा मिळते. मुख्य उपचार आधुनिक ठेवावा, कारण त्याचा परिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही मोजलेले आहेत. चिनी औषध जोडायचेच असेल तर ते खाज आणि स्टिरॉइडची एकूण गरज कमी करण्यासाठी व झोप सुधारण्यासाठी, ठरावीक मुदतीपुरते आणि तपासणीच्या आधाराने जोडावे.

पाया: अंघोळ, मॉइश्चरायझर आणि मलम

चिनी काढा घ्या अथवा घेऊ नका, हा भाग सोडून चालत नाही, आणि नेमका हाच भाग घरोघरी अर्धवट होतो. अंघोळीला कोमट पाणी घ्यावे. कडकडीत पाण्याने खाज क्षणभर थांबल्यासारखी वाटते, पण त्वचेतले स्निग्ध द्रव्य धुऊन जाते. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकावी. साबण फक्त काखा, जांघा आणि पाय यांनाच, तोही सौम्य असावा. डाळीचे पीठ किंवा उटणे घासून लावू नये. टॉवेलने अंग रगडू नये, टिपून घ्यावे, आणि त्वचा ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावावे.

ते किती लावायचे याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. अंगभर इसब असलेल्या व्यक्तीला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागते. पन्नास ग्रॅमची सुवासिक ट्यूब महिनाभर पुरवणारा रुग्ण प्रत्यक्षात उपचार घेतच नसतो. महागडे क्रीम परवडत नसेल तर पांढरी पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण चांगले काम करते. शुद्ध खोबरेल तेलालाही आधार आहे. फिलिपिन्समध्ये लहान मुलांवर झालेल्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरले. ऑलिव्ह तेल मात्र त्वचेचे आवरण कमजोर करते, त्यामुळे बाळाच्या मालिशसाठी ते भेट आले तरी वापरू नये. एक सावधगिरी चुलीवर काम करणाऱ्यांसाठी: पॅराफिन मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, म्हणून ते लावून चुलीजवळ बसू नये आणि कपडे वरचेवर गरम पाण्यात धुवावेत, धुण्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

स्टिरॉइड मलमाबद्दल दोन टोकाच्या भीती दिसतात. काही जण ते अजिबात लावत नाहीत, काही जण ते वर्षभर तोंडाला लावतात. योग्य माप सोपे आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून सरळ पट्टी काढली की साधारण अर्धा ग्रॅम मलम येते, आणि ते दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. एका पूर्ण हाताला, खांद्यापासून मनगटापर्यंत, अशा तीन पट्ट्या लागतात, पायाला सहा. चेहरा, पापण्या, मान आणि जांघा यांना हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य मलमच, तेही थोड्या दिवसांसाठी. मोमेटासोन त्याहून कडक, आणि क्लोबेटासोल सर्वांत कडक. ते तळहात-तळपायाच्या जाड कातडीसाठी असते, मुलांच्या गालांसाठी नाही. मलम आणि मॉइश्चरायझर यांत वीस-तीस मिनिटांचे अंतर ठेवावे. पापण्यांसाठी किंवा वारंवार उलटणाऱ्या चट्ट्यांसाठी डॉक्टर टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेले मलम देतात. दोन वर्षांवरील मुलांना ०.०३ टक्के आणि प्रौढांना ०.१ टक्के. ते लावल्यावर पहिले काही दिवस चुरचुरते. त्यामुळे घाबरून ते बंद करू नये.

इसब चिघळून पाणी सुटत असेल तेव्हा तेलकट मलमापेक्षा ओल्या घड्यांचा उपयोग होतो. उकळून थंड केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून, हलके पिळून दहा ते वीस मिनिटे ठेवावे, दिवसातून दोन-तीन वेळा. डॉक्टर पोटॅशियम परमँगनेट सांगतात तेव्हा पाण्याचा रंग फिकट गुलाबी हवा, जांभळा नव्हे, आणि खडा पूर्ण विरघळलेला हवा, नाहीतर त्वचा भाजते. चिनी उपचारातही या अवस्थेत वनस्पतींच्या गार काढ्याच्या घड्या ठेवतात. दोन्ही परंपरा इथे जवळ येतात, आणि चिनी उपचार जोडायचा तर सुरुवात अशा बाहेरून ठेवायच्या घड्यांनी करणे पोटात घ्यायच्या औषधापेक्षा सुरक्षित असते.

चिनी उपचार जोडताना

पहिला प्रश्न हा की ते देणार कोण. भारतात आयुष मंत्रालयाखाली आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी या पद्धती येतात. चिनी वनौषधी त्यांत नाहीत. आयुर्वेदाची पदवी असलेल्या वैद्यांनी चिनी औषधांचे शिक्षण घेतलेले असेलच असे नाही, हे त्यांना सरळ विचारावे. प्रामाणिक वैद्य त्याचे वाईट मानत नाहीत. म्हणून चिनी पद्धतीने उपचार घ्यायचेच असतील तर ते जिथे त्यांची नोंदणी व देखरेख आहे अशा देशात राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेल्यावर, तिथल्या नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावेत, आणि औषधाच्या प्रत्येक घटकाचे शास्त्रीय म्हणजे लॅटिन नाव लिहून आणावे. चिनी बाजारनावे फसवी असतात. एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

हा केवळ काळजीचा मुद्दा नाही. ब्रिटनमध्ये इसबासाठी चिनी काढा घेणाऱ्या दोन रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९९ साली नोंदवले गेले; त्या काढ्यात ॲरिस्टोलोकिया या वनस्पतीचा अंश होता. त्यातील आम्लाने मूत्रपिंड कायमचे खराब होते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. इसबाच्या चिनी योजनांत वारंवार येणारी दुसरी वनस्पती डिक्टॅम्नस. तिच्यामुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. लंडनच्या त्याच काढ्यावर वर्षभर ठेवलेल्या मुलांपैकी दोघांच्या यकृताच्या चाचण्या बिघडल्या होत्या. त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता, आणि औषध थांबवल्यावर चाचण्या पूर्ववत झाल्या. रक्त तपासले नसते तर ते कळलेच नसते. त्यामुळे पोटात चिनी औषध घ्यायचे असेल तर सुरू करण्याआधी यकृताच्या चाचण्या, क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची चाचणी आणि लघवीची तपासणी करावी, ती चार आठवड्यांनी पुन्हा करावी, आणि औषध पुढे चालू राहणार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरावीक अंतराने करत राहावी. सांगली-मिरजेत या तपासण्या सरकारी रुग्णालयातही होतात. भूक मंदावणे, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही आढळले तर त्याच दिवशी काढा थांबवून डॉक्टर गाठावेत.

मलमांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. काही काळापूर्वी एक मावशी दुकानात आल्या आणि त्यांनी काउंटरवर हिरव्या झाकणाची एक छोटी डबी ठेवली. लेबलवर चिनी अक्षरे, एका बाजूला पानांचे चित्र आणि इंग्रजीत फक्त ‘हर्बल’ एवढाच शब्द. उत्पादकाचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत संपण्याची तारीख नाही. नातीचे गाल या मलमाने दोन-तीन दिवसांत साफ झाले होते, डबी संपली आणि गाल पूर्वीपेक्षा लाल झाले, त्यावर बारीक फोड आले. त्यांना तशीच डबी आणखी हवी होती. वनस्पतींच्या मलमाने इतक्या लवकर गाल साफ होत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९९ साली अशा अकरा चिनी ‘वनौषधी’ मलमांची तपासणी झाली, तेव्हा आठांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघाले. मी त्यांना मिरजेला त्वचारोग विभागात पाठवले आणि डबी सोबत न्यायला सांगितले. काय लावले होते हे डॉक्टरांना कळल्याशिवाय ते हळूहळू कसे कमी करायचे हे ठरवता येत नाही.

ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत ती अंगाला लावू नये, मग ती चिनी असो, देशी असो किंवा यात्रेतून आणलेली असो. अशा डबीबद्दल अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. घटक लिहिलेले व परवाना असलेले बाह्य औषध असेल तरी ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. तिथे लाली किंवा खाज आली नाही तरच चट्ट्यावर लावावे.

काही रुग्णांनी पोटातले चिनी औषध अजिबात घेऊ नये: गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि इसबासाठी मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन ही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर असतो, सायक्लोस्पोरिनचा मूत्रपिंडावर, आणि वनस्पतींमुळे सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण वरखाली होऊ शकते. कोरड्या जुन्या इसबाच्या चिनी योजनांत अँजेलिका वर्गातील एक मूळ असते. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या हृदयरुग्णाला त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्येष्ठमध तर चिनी आणि आयुर्वेदिक दोन्ही काढ्यांत असते. रोज घेतल्यास ते रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम कमी करते, म्हणून रक्तदाबाच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही काढ्यांतले ज्येष्ठमध मोजावे. चिनी काढ्याबरोबर देशी काढा नको, हा माझा स्पष्ट आग्रह आहे. दोन काढ्यांत मिळून वीस वनस्पती झाल्या की कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही. गुळवेलीसारख्या रोजच्या वनस्पतीनंतरही यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि वनस्पतीची ओळख पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. दोन्ही बाजू लक्षात घेतल्या तरी सावधगिरीचे कारण उरतेच.

ॲक्युपंक्चरची गोष्ट या मानाने सोपी आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये हे तंत्र शिकून ते भारतात आणले, आणि आज महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. जर्मनीतील छोट्या चाचण्यांत त्याने खाज थोड्या वेळापुरती कमी झाल्याचे दिसले. उपचारक नोंदणीकृत असावा, सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्यात, आणि चिघळलेल्या किंवा पू झालेल्या जागी सुई टोचू देऊ नये. मलम मात्र सोबत चालूच ठेवावे.

वही

एक छोटी वही करावी आणि ती दोन्हीकडे दाखवावी. पहिल्या पानावर चालू असलेली सर्व औषधे, त्यांची मात्रा आणि सुरू केल्याची तारीख. काढ्यातील वनस्पतींची नावेही त्यात आली पाहिजेत. पुढे दर रविवारी सात प्रश्नांची उत्तरे लिहावीत: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज सुटली, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आले, पाणी सुटले, भेगा पडल्या, खपल्या सुटल्या, आणि त्वचा कोरडी किंवा खरखरीत वाटली. एकही दिवस नसेल तर ०, एक-दोन दिवस असतील तर १, तीन-चार दिवसांना २, पाच-सहा दिवसांना ३ आणि रोज असेल तर ४ गुण. बेरीज जास्तीत जास्त २८ होते. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १६ मध्यम आणि १७ पासून पुढे तीव्र समजतात. हे जगभरातील त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ते माप आहे.

आधी किमान चार आठवडे फक्त पायाभूत उपचार नीट करून गुण लिहावेत. बऱ्याच जणांचे गुण एवढ्यानेच खाली येतात आणि काढ्याची गरजच उरत नाही. त्यानंतरच नवे औषध जोडावे, एका वेळी एकच. आठ आठवड्यांत बेरीज चारने तरी उतरली नाही तर ते औषध थांबवावे. केवळ खर्च केला म्हणून पुढे चालवू नये. चिनी औषध सुरू केले म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या अचानक बंद करू नयेत. अनेक आठवडे गोळ्या घेतलेल्या शरीरात त्या एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते.

पथ्य आणि आपल्या भागातली कारणे

चिनी वैद्य इसबात मासे, कोळंबी, मटण आणि तिखट वर्ज्य सांगतात. आपल्याकडे वांगे, सुकट आणि अंडी बंद होतात. प्रौढाने काही आठवडे एखादा पदार्थ टाळून पाहण्यास हरकत नाही, वहीत फरक दिसला तरच तो टाळत राहावा. वाढत्या मुलांचे दूध, अंडी आणि डाळी मात्र तपासणी व डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत. तान्ह्या मुलांच्या तीव्र इसबात दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी खरोखर असू शकते, पण ती चाचणीने ठरते, अंदाजाने नव्हे.

कोणतेही औषध जोडण्याआधी हात कशात जातात हे पाहावे. तासगाव, कवठेमहांकाळ भागात बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. ते द्रावण क्षारयुक्त असते आणि उघड्या हातांनी काम करणाऱ्या बायकांच्या बोटांना महिनाभरात भेगा पडतात. गवंड्याच्या हाताचा इसब सिमेंटमधील क्रोमेटने होतो. बांधावरच्या गाजरगवताने चेहरा, मान आणि हातांचा उघडा भाग सुजतो, आणि शेतापासून दूर गेल्यावर तो निवळतो. अशा वेळी आतून सुती आणि बाहेरून रबरी असे दुहेरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि शेतातून आल्यावर लगेच अंघोळ यांनी जे साधते ते कोणत्याही काढ्याने साधत नाही. कारण शोधण्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञ करतात. हळदीच्या पेठेच्या गावात हे लिहिताना थोडे अवघड वाटते, पण फुटलेल्या त्वचेवर हळदीचा लेपही लावू नये. हळदीची संपर्क ॲलर्जी होते.

चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, ताप आला, किंवा एकाच आकाराचे दुखरे, टोचल्यासारखे बारीक फोड झपाट्याने पसरू लागले, तर वही बाजूला ठेवून रुग्णालयात जावे. शेवटचा प्रकार नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणूचा असतो आणि त्यावर विषाणूविरोधी औषध ताबडतोब लागते. डोळ्याजवळ असेल तर दृष्टीला धोका असतो.

इसब आटोक्यात आला की सर्व औषधे एकाच दिवशी बंद करण्याचा मोह होतो. तसे न करता आधी पोटातला काढा थांबवावा, आणि दोन आठवडे वहीतील गुण स्थिर राहतात का ते पाहावे. मग रोजचे मलम आठवड्यातून दोन ठरावीक दिवसांवर आणावे, उदाहरणार्थ शनिवार आणि बुधवार, आणि ते जिथे नेहमी उलटते त्याच जागी लावावे. उलटण्याचे प्रमाण यामुळे कमी होते. मॉइश्चरायझर मात्र त्वचा पूर्ण नितळ दिसली तरी दिवसातून दोनदा चालू ठेवावे, आणि डिसेंबरात थंडी वाढण्यापूर्वी व बेदाण्याचे काम सुरू होण्यापूर्वी त्याचा महिनाभराचा साठा घरात करून ठेवावा.